हुबळीचा मुक्काम

व्यापारी घरातील प्रवास हा बहुधा कार्यापुरता असतो. लग्न, साखरपुडा, पंचकल्याणक, कोणाच्या दुःखात सांत्वनाला जाणे, फार तर माल पाहायला इचलकरंजी किंवा अहमदाबाद. पहाटे निघावे, कार्य उरकावे आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळी गल्ल्यावर हजर असावे, ही शिस्त पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडलेली असते. वाटेतली गावे वाटेतच राहतात. तीस वर्षे ज्या रस्त्याने जा-ये केली, त्या रस्त्यावरचे देऊळ आतून कसे आहे हे सांगता येत नाही. मात्र तेथील पेट्रोलपंपावर माप नीट मिळते की नाही, हे अचूक सांगता येते.

सोलापुरात सुताचा व्यापार करणारे अण्णा आणि माई यांच्या संसाराला बेचाळीस वर्षे झाली, तोवर दोघांनी मिळून केलेला सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे सम्मेदशिखरजीची यात्रा, आणि तीही ऐंशी माणसांच्या संघाबरोबर. दोघांनीच, स्वतःच्या मोटारीने, वाटेल तेथे थांबत कोठे जावे, असा विचार त्या घरात कोणी बोलूनही दाखवला नव्हता. गेल्या मार्गशीर्षात तो माईंनी बोलून दाखवला. मुलगा आठ वर्षे दुकानात बसतो आहे. बारा दिवस त्याला एकट्याला बसू द्यावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. अण्णांनी दोन दिवस उत्तर दिले नाही आणि तिसऱ्या दिवशी मोटारीची चाके बदलून आणली. त्यांच्या घरात होकार असाच कळत असे.

बेत अण्णांनी आखला. विजयपूर, बदामी, लक्कुंडी, तेथून सरळ दक्षिणेला श्रवणबेळगोळ, मग घाट उतरून मूडबिद्री, आणि परतीला समुद्रकिनाऱ्याने अंकोल्यापर्यंत येऊन राष्ट्रीय महामार्ग ५२ धरायचा. हा महामार्ग अंकोल्याहून निघून थेट सोलापुरावरून पुढे जातो. नकाशा पाहताना माईंच्या एक गोष्ट लक्षात आली होती. बेत असा आखलेला होता, की जाताना हुबळी उजव्या हाताला सत्तर किलोमीटरवर राहावी आणि येताना ती शहराबाहेरच्या वळणरस्त्याने टळावी.

हुबळीला अण्णांचे एके काळचे भागीदार राहतात. दोघे नगरपालिकेच्या एकाच शाळेत शिकले, १९७९ मध्ये दोघांनी मिळून सुताची पेढी काढली आणि चोवीस वर्षे ती चालवली. सोलापूरच्या पूर्व भागातील यंत्रमागधारकांशी तेलुगूतून बोलणारे हे दोन जैन व्यापारी बाजारात जोडीनेच ओळखले जात. २००३ मध्ये वाटणी झाली. वाटणीत उधारीच्या याद्या वाटल्या गेल्या आणि भागीदारांच्या वाट्याला आलेल्या यादीतील दोन लाख ऐंशी हजारांची उधारी पुढे बुडाली. माग बंद पडले, माणसे गाव सोडून गेली. बुडीत रकमेचा निम्मा भार, म्हणजे एक लाख चाळीस हजार, अण्णांनी सोसावा असे भागीदारांचे म्हणणे. वाटणीवर सह्या झाल्यानंतरचा नफा जसा ज्याचा त्याचा, तसा तोटाही, असे अण्णांचे. दोन्ही बाजूंना बोलण्यासारखे आहे, हे कोणताही व्यापारी मान्य करील. म्हणूनच असे वाद मिटत नाहीत. भागीदार मुलांच्या कापडाच्या व्यवसायात हुबळीला गेले. त्यानंतर अण्णांच्या घरात त्यांचे नाव घेणे थांबले. उल्लेख करायची वेळ आलीच, तर ‘हुबळीवाले’ म्हणत.

प्रवासाला निघताना मागच्या आसनावर स्वयंपाकघराची एक लहानशी शाखाच उघडली गेली. दशम्या, खाकरे, लसूण नसलेली शेंगाची चटणी, कडक भाकरीचा डबा, पाणी गाळायचे दोन स्वच्छ गाळणे आणि एक छोटी शेगडी. सूर्यास्तानंतर जेवायचे नाही हा नियम पाळणाऱ्या माणसाच्या प्रवासाचे घड्याळ वेगळेच असते. मार्गशीर्षात दिवस लहान. पाच वाजता थांबायची जागा सापडलीच पाहिजे. त्यामुळे दिवसाला दोनशे किलोमीटर ही जणू मर्यादाच ठरली, आणि घाई नाहीशी झाली. तरुण मंडळी हाच रस्ता एका दिवसात संपवतात. त्यांना काय दिसते, हा प्रश्न निराळा.

पहिला मुक्काम विजयपूरला माईंच्या भावाकडे झाला. माईंचे माहेर इंडीचे. सीमा ओलांडून पाटीवरची अक्षरे बदलली आणि मोटारीतला कारभारही बदलला. अण्णांचे कन्नड बाजारापुरते, भाव आणि वजन एवढ्याचे. माईंचे मात्र आईच्या मांडीवरचे. रस्ता विचारणे, धर्मशाळेत खोली मिळवणे, कांदा-लसूण नको हे आचाऱ्याला समजावणे, सगळे त्यांच्याकडे गेले. बेचाळीस वर्षे दुकानामागच्या घरात जिचा आवाज माजघरापलीकडे क्वचित गेला, ती बाई चौकात उभी राहून रिक्षावाल्यांशी हसत बोलत आहे, हे दृश्य अण्णांना नवीन होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गर्दी व्हायच्या आत, दोघे गोलघुमट पाहायला गेले. मुहंमद आदिलशाहाची ही कबर १६५६ च्या सुमारास पुरी झाली. कोपऱ्यातील मनोऱ्यांच्या अरुंद जिन्याने सात मजले चढले, की घुमटाच्या आतल्या कडेने फिरणारा सज्जा लागतो. तेथे भिंतीशी तोंड नेऊन हळू बोलले, तरी समोरच्या बाजूला, सुमारे अडतीस मीटरवर, शब्द स्पष्ट पोचतात. शाळेच्या सहली येऊ लागल्या की नुसत्या आरोळ्या उठतात. त्या घटकेला मात्र शांतता होती. अण्णा गुडघे चोळत एका बाजूला टेकले होते. माई पलीकडे गेल्या आणि भिंतीशी पुटपुटल्या. अण्णांच्या कानाशी शब्द आले : “हुबळीला मुक्काम करायचा आहे. वहिनींना मी कळवले आहे.”

एवढ्या लांबून वाद घालता येत नाही. घातला तर तो साऱ्या घुमटाने ऐकला असता.

बदामीचा तांबडा दगड, तलावाच्या काठचा कडा आणि त्यात कोरलेली चार लेणी पाहण्यात एक दिवस गेला. तिसऱ्या लेण्यात ५७८ सालचा लेख आहे. चौथे लेणे जैनांचे, वेलींनी वेढलेल्या बाहुबलींचे आणि पार्श्वनाथांचे. ऐहोळेच्या मेगुती मंदिरातील रविकीर्तीचा ६३४ सालचा शिलालेख पाहायचा होता, पण सूर्य उतरणीला लागला आणि तो राहून गेला. अण्णा दिवसभर मोजकेच बोलले.

लक्कुंडी हे गदगपासून बारा किलोमीटरवरचे खेडे. आज तेथे शेंगा आणि मिरच्या वाळत घातलेल्या दिसतात. हजार वर्षांपूर्वी ती चालुक्यांची नांदती नगरी होती. अत्तिमब्बे या विधवा श्राविकेने १००७ मध्ये बांधविलेले ब्रह्मजिनालय तेथे उभे आहे. सेनापती असलेला पती वारल्यावर या बाईने आपली संपत्ती कशात घालावी? पोन्न कवीच्या ‘शांतिपुराणा’च्या एक हजार प्रती तिने ताडपत्रांवर लिहवून घेतल्या आणि वाटल्या. छापखाना नसलेल्या काळात एक हजार प्रती म्हणजे किती लेखनिक, किती पाने, किती वर्षे, याचा हिशेब अण्णांनी मंदिराच्या पायरीवर बसून मनातल्या मनात मांडून पाहिला आणि तो जुळेना. रखवालदार म्हातारा कन्नडातून सांगत होता, माई मराठीत करून देत होत्या. मूळ भांडवलाला हात न लावता दानधर्म करावा, असे व्यापारात मानतात. या बाईने तो नियम पाळलेला दिसत नाही, असे अण्णा म्हणाले. त्या दिवशीचे त्यांचे हे पहिले पूर्ण वाक्य. माई म्हणाल्या, “तिचे भांडवल तेच असेल.”

तेथून मोटार उजवीकडे, हुबळीच्या रस्त्याला लागली.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर घर. हुबळीवाले जिन्याच्या तोंडाशी उभे होते. केस पूर्ण पांढरे, हातात काठी. “या, बसा. प्रवास बरा झाला ना आपला?” असे ते म्हणाले. “आपल्या कृपेने,” असे अण्णांनी उत्तर दिले. ज्यांनी आयुष्याची चाळीस वर्षे एकमेकांना अरे-तुरेशिवाय हाक मारली नव्हती, त्या दोघांच्या तोंडची ही आपुलकीरहित आदरार्थी भाषा ऐकून स्वयंपाकघरातील दोघी थांबल्या. शिवीगाळ परवडली असती.

साडेपाचला पाने वाढली. जोळद रोट्टी, मटकीची उसळ, होळिगे आणि वर तूप. जेवण होऊन दिवा लागला, तशी हुबळीवाल्यांनी कपाटातून लाल कापडाची चोपडी काढली. अण्णांनाही दुसरे काही अपेक्षित नव्हते; खिशात त्यांनी स्वतःचे टिपण आणलेले होते. वीस वर्षांपूर्वीच्या खतावणीतील एकेक नाव निघाले. अमुक गिऱ्हाईक, चाळीस नंबरचे सूत, सात गाठी, दिवाळीनंतरचा वायदा. नावे वाचता वाचता माणसे डोळ्यांपुढे येत होती; त्यांतील बरीचशी आता हयात नव्हती. एका नावापाशी दोघेही थांबले. तो विणकर दर संक्रांतीला दुकानात स्वतः विणलेला पंचा आणून देत असे. त्याच्याकडे एकवीस हजार राहिले होते. “त्याचे मी कधी मागितलेच नाहीत,” हुबळीवाले म्हणाले. अण्णांनी आपल्या टिपणात त्या आकड्यावर रेघ मारली आणि पुढे वाचू लागले.

अकरा वाजले तरी हिशेब जुळला नाही. अण्णांच्या मते देणे शून्य, हुबळीवाल्यांच्या मते रक्कम तीच. मग अण्णा, जे इतकी वर्षे पोटात ठेवले होते ते बोलले : मातोश्री गेल्या तेव्हा आपल्याला साधे कळवलेही नाही. पैशाचा वाद पैशाच्या जागी. पण त्या माउलीच्या हातची भाकरी त्यांनी शाळेत असताना खाल्ली होती.

हुबळीवाल्यांनी चोपडी मिटली. “कळवले होते. तुमच्या घरून माणूस येऊनही गेले. म्हणून तर मी या वीस वर्षांत तुमच्याविषयी कोणापाशी तोंड उघडले नाही.”

कोण आले होते, हे विचारायची गरज पडली नाही. २०११ साली माई भावाकडे आठ दिवस राहायला गेल्या होत्या. त्यांतील एका दिवशी पहाटेच्या एसटीने त्या हुबळीला आल्या, दोन तास बसल्या आणि रात्री विजयपूरला परतल्या. दर दिवाळीला दोन्ही घरांतील बायकांचे फोन होत, मुलांच्या लग्नांत आहेर पोचत, एका नातवाच्या बारशाला सोलापूरहून दुपटे गेले होते. दोन पुरुषांनी तोडलेल्या खात्यात ही उलाढाल वीस वर्षे चालू होती.

रात्री खोलीत अण्णांनी विचारले, “मला सांगितले का नाहीस?”

“सांगितले असते, तर तुम्ही जाऊ दिले असते का?”

अण्णा बराच वेळ छताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “एसटीच्या तिकिटाचे पैसे कोणत्या खाती टाकलेस?”

“भाजीत.”

बाजूच्या खोलीतील मंडळींनी त्यानंतर हसण्याचा आवाज ऐकला. कोणाचा, याबद्दल दोन्ही घरांत अजून मतभेद आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुरुषांना असे कळवण्यात आले, की हुबळीवाल्यांना धाकट्या मुलाकडे बंगळुरूला जायचेच आहे, तेव्हा श्रवणबेळगोळपर्यंत चौघांनी एकाच मोटारीने जावे. पुढे त्यांना तेथून आगगाडी आहे. हा निर्णय रात्रीच, ओट्यापाशी झाला होता. चित्रदुर्गाला एक मुक्काम करून दुसऱ्या दुपारी चौघे बेळगोळला पोचले. रस्ता रुंद आणि निर्वेध होता. पवनचक्क्या मोजण्यापलीकडे त्यात सांगण्यासारखे काही नाही. पुढच्या आसनावर हुबळीवाले आणि अण्णा, दोघांचे संभाषण डिझेलचा भाव, टोलची रक्कम आणि डावीकडे येणारा ट्रक यापुरते, आणि तेही ‘आपण’ लावून.

बेळगोळ म्हणजे पांढरे तळे. हे माईंनी सांगितले. गावाच्या मध्यभागी ते तळे आहे, एका अंगाला चंद्रगिरी आणि दुसऱ्या अंगाला विंध्यगिरी. विंध्यगिरीच्या पायऱ्या खडकातच खोदलेल्या, सहाशेहून अधिक, आणि चढायचे अनवाणी. ऊन तापले की खडक पाय ठरू देत नाही, म्हणून पहाटे निघाले. गोलघुमटाचे सात मजले अण्णांच्या गुडघ्यांना अजून आठवत होते. तरी त्यांनी डोली नाकारली. हुबळीवाल्यांनीही मग नाकारली. साठाव्या पायरीवर दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि दोन डोल्या मागवण्यात आल्या. बायका तोवर बऱ्याच वर पोचल्या होत्या.

चावुंडरायाने सुमारे ९८१ मध्ये उभी करविलेली ती अखंड मूर्ती, सत्तावन्न फुटांची, उघड्या आकाशाखाली उभी आहे. तिच्याविषयी लिहिणाऱ्यांनी पुष्कळ लिहिले आहे. येथे एवढेच, की समोर गेल्यावर चौघेही बराच वेळ बोलले नाहीत. मूर्तीच्या पायांपाशी दगडात नागरी अक्षरांत कोरलेल्या दोन ओळी आहेत. मराठीच्या सर्वांत जुन्या कोरीव लेखांत त्यांची गणना होते. चावुंडरायाने हे करविले, गंगराजाने भोवतालची ओवरी करविली, इतकाच त्यांचा आशय. कन्नड मुलखात इतक्या आत आपली भाषा भेटल्याने अण्णा हरखले आणि वाकून एकेक अक्षर लावू लागले. कोणी करविले ते लिहिले आहे, खर्च किती आला ते नाही, असे ते म्हणाले.

“अरे, असेल कुठेतरी. तू नीट वाच,” मागून हुबळीवाले म्हणाले.

“तूच ये आणि वाच. तुझा चश्मा नवा आहे.”

दोघे गुडघे धरून त्या दोन ओळींवर वाकले. माई आणि वहिनी जरा अंतरावर, दुधाची चिमुकली वाटी घेऊन अभिषेकाला आलेल्या गुळ्ळकायज्जीच्या मूर्तीपाशी उभ्या होत्या. दोघींनीही ते ऐकले. दोघींपैकी कोणी वळून पाहिले नाही.

संध्याकाळी हुबळीवाल्यांना स्थानकावर पोचवून अण्णा-माई पुढे निघाले. हासन, सकलेशपूरचे कॉफीचे मळे, शिराडीचा घाट, आणि मग दमट हवा, लाल माती, सुपारीच्या बागा. मूडबिद्रीची हजार खांबांची बसदी १४३० ची. अण्णांनी खांब मोजायला घेतले आणि दीडशेच्या पुढे त्यांचा हिशेब चुकला. दोन खांब सारखे नाहीत म्हणतात, त्यामुळे पुन्हा मोजताना प्रत्येकापाशी थांबावे लागते.

पण मूडबिद्रीला सोलापूरचा माणूस जातो तो आणखी एका कारणाने. धवला, जयधवला या ग्रंथांच्या जुन्या कन्नड लिपीतील ताडपत्रे याच गावच्या सिद्धान्त बसदीत शतकानुशतके जपली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या प्रती करून घेण्यासाठी जी धडपड झाली, तीत मुंबईचे सेठ माणिकचंद यांच्याबरोबर सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी होते; उद्योगपती वालचंद हे त्यांचेच चिरंजीव. प्रती करण्याचे काम १८९६ मध्ये सुरू झाले आणि सर्व मिळून सुमारे पंचवीस वर्षे चालले. धवलेचा पहिला छापील खंड अमरावतीहून निघाला तो १९३९ मध्ये. ज्यांनी ही पाने वाळवीपासून आणि लुटीपासून राखली, त्यांनी ती परक्या हाती देण्यास कचरावे, यात नवल नव्हते. व्यवहार पुरा होण्याआधी विश्वास बसावा लागतो, आणि त्याला मुदत घालून देता येत नाही. बसदीच्या अंगणात बसून अण्णा माईंना म्हणाले, “यांना पंचवीस वर्षे लागली. आपली वीसच झाली.”

माईंनी डब्यातली शेवटची दशमी काढून दिली.

कारकळ, उडुपी, मग उजवीकडे डोंगर आणि डावीकडे समुद्र ठेवीत अंकोल्यापर्यंतचा रस्ता. तेथे महामार्गाच्या पाटीवर बावन्न हा आकडा दिसला, तेव्हा अण्णांनी मोटार क्षणभर थांबवली. आपल्याच गावाला जाणारा रस्ता समुद्राजवळ सुरू होतो, याचे त्यांना मोठे अप्रूप वाटले. बाराव्या दिवशी सोलापूर आले. सतराशे किलोमीटर झाले होते. दुकान जागेवर होते. मुलाने एका जुन्या गिऱ्हाइकाला साठ दिवसांची उधारी दिल्याचे कळल्यावर अण्णा रागावले, पण नेहमीपेक्षा कमी.

पौषाच्या अखेरीस हुबळीहून फोन आला. इतकी वर्षे तो दुपारी, सामसूम झाल्यावर, माईंकडे येत असे. या वेळी तो अण्णांच्या फोनवर, भर दुकानात, अकरा वाजता आला. अर्धा तास बोलणे झाले; बराच वेळ कापसाच्या भावावर आणि शेवटी एक लाख चाळीस हजारांवर. अण्णांनी आपला मुद्दा पुन्हा पहिल्यापासून मांडला. पलीकडूनही तसेच झाले असावे, कारण फोन ठेवताना अण्णा म्हणाले, “तू चैत्रात इकडे ये, मग बघू. चोपडी घेऊन ये.”